सिंहस्थ तीन दिवसांचा नाही, हे लोकांना सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात गेले कितीतरी महिने सिंहस्थाच्या, म्हणजे आपल्या नाशिक-त्र्यंबकच्या कुंभमेळ्याच्या बातम्या येतायत, रस्ते, पूल, साधुग्राम, तपोवनातली झाडं, कोण मंत्री आढावा घेऊन गेला, सगळं येतं आणि मी सगळं वाचते. पत्र जरा लांब झालंय, कापायचं असेल तर मधलं कुठलंही कापा पण तारखांचं कापू नका ही विनंती. कारण तक्रार तारखांचीच आहे. प्रत्येक बातमीखाली एक चौकट असते, अमृत स्नान २ ऑगस्ट २०२७, ३१ ऑगस्ट २०२७, मग ११ सप्टेंबरला नाशिक आणि १२ सप्टेंबरला त्र्यंबकेश्वर. झालं, संपली चौकट. आता जळगावचा, परभणीचा, सोलापूरचा माणूस ती वाचून काय समजणार? की सिंहस्थ म्हणजे हे तीन दिवस, गेलो तर तेव्हाच जायचं, नाहीतर बारा वर्षं थांबा. आणि मग घरातले सगळे, म्हातारी आई, पोरंबाळं, शेजारचे दोघं असे गाडी करून त्याच दिवशी निघणार.

खरं काय आहे ते बघा. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि ध्वज उतरणार २४ जुलै २०२८ ला. जवळजवळ पावणेदोन वर्षं! इतका लांब का, तर सिंहस्थ म्हणजे गुरू सिंह राशीत असतो तो काळ, आणि यावेळी गुरू वक्री होऊन मागं-पुढं करतोय, ऑक्टोबर २०२६ च्या शेवटी सिंहेत येतो, जानेवारी २०२७ मधे परत कर्केत जातो, जूनच्या अखेरीस पुन्हा सिंहेत, मग नोव्हेंबरात कन्येत, फेब्रुवारी २०२८ च्या शेवटी परत सिंहेत आणि जुलैत कायमचा बाहेर. म्हणजे काटेकोर पाळणाऱ्यांनी मधले कर्केचे आणि कन्येचे महिने सोडले तरी हातात चांगलं वर्षभर उरतं. पंचांग ज्यांच्या घरी आहे त्यांनी उघडून बघावं, त्यात सगळं दिलेलं असतं.

आणि हे आपल्या लोकांना माहीत नाही असं अजिबात नाही. घरात लग्नाची मुलगी असली की लगेच सगळ्यांना आठवतं, सिंहस्थ लागायच्या आत उरकून घ्या, नाहीतर वर्षभर मुहूर्त नाही. कार्यालयवाले, भटजी, मावश्या-आत्या सगळे हेच बोलतात. मग लग्न पुढं ढकलायला सिंहस्थ वर्षभराचा आणि आंघोळीला मात्र तीन दिवसांचा, हे कुठलं शास्त्र? जो श्लोक आमच्याकडे रामकुंडावर लहानपणापासून कानावर पडतो त्यात भागीरथीत साठ हजार वर्षं स्नान केल्याचं पुण्य गोदावरीत एकदा बुडी मारल्यानं मिळतं असं सांगितलंय, कधी, तर बृहस्पती सिंहेत असताना. तारीख त्यात नाही. अमावस्या नाही, एकादशी नाही. अमृत स्नानाचे दिवस हे मुख्यतः आखाड्यांच्या मिरवणुकीचे, साधूंच्या मानाचे दिवस, ते असायलाच हवेत आणि ते थाटातच व्हायला हवेत, पण बाकीच्या भाविकाचं पुण्य त्या दिवसाला बांधलेलं नाही, हे कुणीतरी ठणकावून सांगायला नको का?

आता त्या तीन तारखांकडेच बघू कारण याबद्दल मला खरंच काळजी वाटते आणि कुठल्याच बातमीत मला हे एकत्र लिहिलेलं दिसलं नाही.

२ ऑगस्ट २०२७. सोमवार. आषाढ अमावस्या, म्हणजे सोमवती अमावस्या, म्हणजे एरवीही गोदावरीवर गर्दीचा दिवस. त्यात त्या दिवशी सूर्यग्रहण आहे, तेच मोठं ग्रहण, इजिप्तमधे लक्झरला सहा मिनिटांहून जास्त वेळ खग्रास दिसणार आहे आणि जगभरातले लोक आत्तापासून तिथली हॉटेलं बुक करतायत. आपल्याकडे ते खंडग्रास दिसेल, दुपारनंतर संध्याकाळकडे. आता आपल्याकडे ग्रहण म्हटलं की काय होतं ते नाशिककराला सांगायला नको. स्पर्शाला म्हणजे ग्रहण लागताना एक स्नान, मोक्षाला म्हणजे सुटताना एक स्नान, मधे जप. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात म्हणजे त्या दिवशी भल्या पहाटेपासूनच लागणार, तर कितीतरी बायामाणसं आणि म्हातारी मंडळी दिवसभर पोटात काही न घेता उभी राहणार. आणि बंदोबस्ताचं गणित असं असतं की पहाटे आखाडे, मग भाविक, आणि स्नान झालेल्यानं लगेच बाहेर पडायचं, म्हणजे मागच्याला जागा होते. इथं सकाळी स्नान झालेला माणूस म्हणणार आता ग्रहण सुटल्यावरच दुसरी आंघोळ करून जाऊ, तो घाट सोडणारच नाही, आणि मागून येणारे येतच राहणार. हे गणित कुणी मांडलंय का? मांडलं असेल तर लोकांना सांगा, मांडलं नसेल तर अजून वेळ आहे.

शिवाय ऑगस्टची सुरुवात म्हणजे भर पावसाळा. प्रयागचा मेळा थंडीत असतो, तिथं गंगा उतरलेली असते आणि मैलोन्मैल वाळू मोकळी मिळते, त्यावर तंबू ठोका, रस्ते काढा. आपल्याकडे उलटं. नदी अरुंद, दोन्ही बाजूंना जुनं गाव, आणि वर गंगापूर धरण भरत आलं की पाणी सोडावंच लागतं. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती म्हणजे आमची पूर मोजायची पट्टी, पाणी मारुतीच्या पायाला लागलं, कमरेला लागलं, गळ्याला लागलं असंच इथं बोलतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधे पहिल्याच आठवड्यात गोदावरीला कसा पूर आला होता ते ज्यांनी पाहिलंय त्यांना २ ऑगस्ट ही तारीख वाचून पोटात गोळा येतो.

दुसरी ३१ ऑगस्ट, श्रावण अमावस्या. आदल्या दिवशी ३० तारखेला शेवटचा श्रावणी सोमवार. त्र्यंबकला श्रावणी सोमवारी दर वर्षीच पाय ठेवायला जागा नसते, ज्योतिर्लिंगाचं दर्शन, ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा, ती गर्दी उतरायच्या आत रात्रीत कुंभाची गर्दी चढणार. आणि त्र्यंबक केवढंसं गाव, कुशावर्त केवढंसं, चारी बाजूंनी दगडी ओवऱ्या असलेलं एक चौकोनी कुंड, त्यात तेरापैकी दहा आखाडे तिथंच स्नान करणार. तिसरी ११ आणि १२ सप्टेंबर, शनिवार-रविवार, शिवाय ४ सप्टेंबरला गणपती बसलेले म्हणजे ऐन गणेशोत्सव, मुंबई-पुण्याचे पोलीस विसर्जनाच्या बंदोबस्तात आणि मुंबई-पुण्याचे लोक सुट्टी म्हणून नाशिकच्या रस्त्याला.

तारखा शास्त्रानुसार ठरतात, त्या बदला असं मी म्हणतच नाहीये. त्या दिवशी येणारा माणूस कमी करा एवढंच म्हणतेय, आणि तो लाठीनं किंवा बॅरिकेडनं कमी होत नाही, त्याला आधीपासून माहिती दिली की कमी होतो.

मी पंचवटीत वाढले, सिंहस्थ आमच्या घरी पाहुण्यांच्या रूपानं यायचा, खानदेशातून, वऱ्हाडातून नातेवाईक यायचे, ओसरीवर पथाऱ्या पडायच्या, पहाटे अंधारात सगळे नदीवर. त्यामुळं गर्दीचं मला वावडं नाही, उलट फार प्रेम आहे. पण २७ ऑगस्ट २००३ चा दिवस आमच्या भागातलं कुणी विसरलेलं नाही. काळाराम मंदिराकडून रामकुंडाकडे उतरणारी अरुंद वाट, आखाड्यांच्या स्नानासाठी लोक अडवून धरलेले, मागून रेटा, आणि त्यात ३९ माणसं गेली. ती भक्तीला आलेली साधी माणसं होती, बरीचशी बाहेरगावची, ज्यांना ती वाट पुढं इतकी चिंचोळी होते हे माहीतही नव्हतं. २०१५ ला प्रशासनानं धडा घेतला, आखाड्यांचा मार्ग बदलला, भाविकांचे मार्ग वेगळे केले आणि एकही चेंगराचेंगरी झाली नाही, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण पहिल्या पर्वणीला, म्हणजे आखाड्यांच्या मोठ्या स्नानाच्या दिवशी, बंदोबस्त इतका कडक की लोकांना किलोमीटरच्या किलोमीटर चालवलं, गावातल्यांना घराबाहेर पडता येईना, आणि अंदाजापेक्षा लोक फारच कमी आले, मग पुढच्या पर्वणीला ढील दिली. म्हणजे एकतर सगळं मोकळं नाहीतर सगळं बंद, दोन्हीत भाविकाचेच हाल.

त्याच २०१५ मधली याच नदीची दुसरी गोष्ट. आपल्याकडे १४ जुलैला ध्वजारोहण झालं, त्याच दिवशी खाली आंध्रात राजमहेंद्रीला गोदावरी पुष्करम सुरू झालं, कारण तेच, गुरूचा सिंहप्रवेश. पुष्करम बारा दिवस चालतं. बारा दिवस! पण पहिल्याच दिवशी पहिल्याच मुहूर्ताला एकाच घाटावर सगळे जमले आणि चेंगराचेंगरीत २७ जण गेले. उरलेल्या अकरा दिवसांत कुठल्याही सकाळी तिथं स्नान करता आलं असतं.

आणि प्रयागराज तर ताजंच आहे. १३ जानेवारी ते २६ फेब्रुवारी २०२५ असा मेळा, ४००० हेक्टरच्या आसपास जागा, २५ सेक्टर, गंगेवर ३० पीपा पूल, म्हणजे तरंगते पूल, आपल्या नाशिकला स्वप्नातही मिळणार नाही एवढी मोकळी जमीन. तरी २९ जानेवारीच्या मौनी अमावस्येला पहाटेच्या आधी संगमाच्या टोकाशी गर्दी कोसळली आणि सरकारी आकड्यानुसार ३० माणसं दगावली. जागा कमी नव्हती, सगळ्यांना त्याच टोकावर त्याच वेळेला पोचायचं होतं. पुढं १५ फेब्रुवारीला नवी दिल्ली स्टेशनवर १८ जण गेले, तेव्हा तर स्नानाची तिथीही नव्हती, साधा शनिवार होता आणि प्रयागच्या गाड्यांसाठी जमलेली गर्दी होती. हे लिहायचं कारण आपलं नाशिकरोड स्टेशन. तिथून रामकुंड ९-१० किलोमीटर. घाटावर कितीही कॅमेरे लावा, स्टेशनच्या जिन्यावर काय होणार याचा विचार घाटाएवढाच व्हायला हवा.

मी स्वतः त्या मेळ्याला जाऊन आले, सासूबाईंना घेऊन, आणि मुद्दाम स्नानाची तिथी टाळून गेलो. तो प्रवास मला जन्मभर पुरेल. चालावं लागलंच, पाय भरून आले, वाळूवर लोखंडी पत्रे टाकून रस्ते केलेले, त्यावरून चालताना धडधड आवाज येत राहतो, आजूबाजूला बिहारच्या, बुंदेलखंडच्या बायका डोक्यावर गाठोडी घेऊन गाणी म्हणत चाललेल्या, पदराला पदर बांधलेले की कुणी हरवू नये. पण संगमावर आम्हाला पाण्यात उभं राहायला जागा मिळाली, सासूबाईंनी शांतपणे अर्घ्य दिलं, माहेरच्या आणि सासरच्या सगळ्या गेलेल्यांची नावं घेतली, एकेक आठवून, कुणी मागून ढकललं नाही. त्यांच्यासाठी तेच तर सगळं होतं. तिथी कुठली हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

तिथंच कल्पवासी लोक पाहिले. पौष पौर्णिमेपासून माघी पौर्णिमेपर्यंत महिनाभर नदीकाठी झोपडीत राहायचं, रोज गंगास्नान, एकभुक्त, जमिनीवर झोपणं, दारात तुळस लावलेली. एका म्हाताऱ्या जोडप्याशी बोललो, त्यांना मी विचारलं की अमावस्येच्या गर्दीत कसं केलं, तर आजी म्हणाल्या आम्ही त्या दिवशी आमच्या सेक्टरच्या जवळच्याच घाटावर गेलो, गंगा काय तेवढ्याच टोकाला आहे का. खरा मेळा या लोकांचा आहे असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. टीव्हीवर मात्र त्यांच्यातलं कुणी दिसलं नाही, दिसला तो कोटींचा आकडा, आज इतके कोटी, काल इतके कोटी. त्या आकड्यांच्या बातम्यांनीच आणखी लोक निघाले, सगळे गेले आपण राहिलो असं वाटून. तुम्ही पेपरवाल्यांनी आणि सरकारनं नाशिकला तरी हा आकड्यांचा खेळ खेळू नये. किती जण आले यापेक्षा किती जण धड घरी परत गेले हे मोजा.

मग साध्या दिवशी नाशिकला येऊन करायचं काय असं कुणी विचारेल. अहो, करायला इतकं आहे की दोन दिवस पुरत नाहीत. नोव्हेंबर २०२६ ते जानेवारी मधल्या थंडीत या, ध्वज लागलेला असेल, गुरू सिंहेत असेल, नदी शांत असेल. पहाटे रामकुंडावर स्नान करा, मग काळाराम, सीतागुंफा, तपोवन. आणि तुमच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय कोण हे घरातल्या मोठ्यांना विचारून या, कारण नाशिक आणि त्र्यंबकच्या उपाध्यायांकडे पिढ्यान्पिढ्यांच्या नामावळ्या आहेत, गावाच्या आणि आडनावाच्या हिशोबानं लावलेल्या. पणजोबा कधी आले होते, बरोबर कोण होतं, कुणाच्या अस्थी आणल्या होत्या, हे त्यांच्या वहीत सापडतं, आजोबांच्या हातची सही सापडते. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांना त्यांच्या आजोबांचं मोडीतलं अक्षर दाखवलं तेव्हा तो साठीचा माणूस लहान पोरासारखा रडला. आता मला सांगा, अमृत स्नानाच्या दिवशी कुठल्या गुरुजींना वही काढून बसायला वेळ असणार?

त्र्यंबक २८-३० किलोमीटर. कुशावर्तात स्नान, मग जमत असेल तर ब्रह्मगिरी, निदान गंगाद्वारापर्यंत तरी चढावं. बाहेरच्या लोकांचा एक नेहमीचा घोटाळा होतो तो इथंच सांगून टाकते, ते नाशिकला येऊन विचारतात नागा साधू कुठायत. नाशिकला रामकुंडावर वैष्णवांचे तीन आखाडे असतात, निर्मोही, निर्वाणी, दिगंबर. भस्म लावलेले शैव नागा आणि त्यांच्याबरोबर उदासीन आणि निर्मल असे बाकीचे दहा आखाडे त्र्यंबकला. पेशवाईच्या काळात स्नानाच्या मानावरून भांडणं झाली तेव्हापासूनची ही विभागणी. त्यामुळं काय बघायचंय ते ठरवून मगच राहायची जागा घ्या.

कुणी म्हणेल आम्हाला आखाड्यांची मिरवणूकच बघायचीय, निशाणं, घोडे, ढोल, हर हर महादेवचा गजर. ते मला कळतं, त्यासारखं दृश्य दुसरं नाही, अंगावर काटा येतो. पण स्नानाच्या दिवशी बॅरिकेडच्या मागून तुम्हाला दिसतं ते पुढच्याच्या डोक्यावरचा मोबाईल. साधू-महंत काही आदल्या रात्री येत नाहीत, आधीपासून कित्येक आठवडे साधुग्रामात उतरलेले असतात. आखाड्यांचे नगरप्रवेश होतात, खालशांमधे, म्हणजे साधूंच्या तळांवर, रोज कथा, कीर्तन, अन्नछत्र चालू असतं. जुलैच्या अखेरीला किंवा ऑगस्टच्या मधल्या कोऱ्या आठवड्यात या, धुनीपाशी बसा, कुणाशी तरी दोन शब्द बोला, पंगतीत जेवा. नदीला पूर नाही ना, तेवढी चौकशी करून या.

हे झालं तर आणखी एक फायदा, तो प्रशासनानं लक्षात घ्यावा. एका दिवसाच्या उच्चांकी गर्दीसाठी म्हणून सगळं बांधलं जातं, पार्किंग, निवारा, रस्ते, आणि त्यापायी तपोवनातली झाडं तोडायचा विषय निघाला तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले. लोक वर्षभर विभागून आले तर एका दिवसासाठी एवढी जमीन मोकळी करायची गरजच कमी होते. ज्या वनात राम-सीता राहिले असं आपण सांगतो तिथं येणाऱ्या माणसाला सावली मिळायला नको का?

आता मागण्या लिहिते. कुंभमेळा प्राधिकरणानं पूर्ण काळाचं एक कॅलेंडर काढावं, त्यात प्रत्येक महिन्यात गुरू कुठल्या राशीत, स्नानाला योग्य तिथी कुठल्या, गर्दी किती अपेक्षित, हे साध्या मराठीत असावं, आणि हिंदी, गुजराती, कानडी, तेलुगूतही, कारण गोदावरी त्यांचीही आहे आणि तिकडचे भाविक आपल्याकडे पुष्कळ येतात. पुरोहित संघानं, आखाड्यांच्या महंतांनी, कीर्तनकारांनी हे सांगावं, कारण पोलिसांनी गर्दी करू नका म्हटलं तर कुणी ऐकत नाही पण महाराजांनी साध्या दिवशीचं स्नानही सिंहस्थाचंच म्हटलं तर ऐकतात. एसटीनं आणि रेल्वेनं जादा गाड्या फक्त पर्वणीला न सोडता नोव्हेंबर-डिसेंबरलाही सोडाव्यात, ग्रुप बुकिंगला तेव्हा सवलत द्यावी. आणि चालायचं अंतर खरं लिहा! पार्किंगपासून घाट सहा किलोमीटर असेल तर बोर्डावर सहा लिहा, 'थोड्याच अंतरावर' लिहू नका. गुडघे दुखणाऱ्या बाईला बसमधून उतरायच्या आधी कळलं पाहिजे की तिला जमणार आहे की नाही. नाशिकला आधी काय झालंय ते सांगितलंच, त्यामुळं रस्ता पुढं किती रुंद आहे हेही नकाशात दाखवा, भाविकाला तो हक्क आहे.

ग्रहणाच्या दिवसाचं वेगळं नियोजन आत्ताच जाहीर व्हावं. मोक्षस्नान घरच्या पाण्यानंही चालतं, त्यात गोदावरीचं तीर्थ घातलं तरी पुरे, हे धर्माचार्यांकडून वदवून घ्या. वेधातही आजारी, म्हाताऱ्या, गरोदर आणि लहान मुलांना खाण्याची मुभा असतेच, ते ठिकठिकाणी लिहा, आणि घाटाच्या वाटेवर पाणी, लिंबूसरबत ठेवा.

आणि ज्यांना पर्वणीलाच यायचंय, नवस असतो, परंपरा असते, त्यांनी जरूर यावं, आमची ना नाही. फक्त अगदी लहान मुलं घरी ठेवा. म्हाताऱ्या माणसाच्या खिशात किंवा पिशवीत चिठ्ठी ठेवा, नाव, गाव, घरच्या दोघांचे नंबर, कुठं उतरलोय ते, कारण गर्दीत मोबाईलला रेंज मिळत नाही आणि घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या मुलाचा नंबर आठवत नाही. चुकामूक झाली तर कुठं भेटायचं ते आधी ठरवा, घाटावरची खूण नको, घाटापासून लांबची जागा ठरवा. रामकुंडच पाहिजे असा हट्ट नको, गोदावरीला वरखाली बरेच घाट आहेत आणि पाणी एकच आहे. पायात घसरणार नाही अशी चप्पल, छत्रीऐवजी रेनकोट, गर्दीत छत्रीच्या काड्या डोळ्यात जातात. वाट उताराची असेल आणि पुढं गर्दी थांबलेली दिसली तर मागच्या मागं कडेला व्हा, पुढं काय आहे बघायला शिरू नका. बायकांसाठी कपडे बदलायच्या खोल्या कुठं आहेत ते आधी विचारून मगच पाण्यात उतरा, यावर फार कुणी लिहीत नाही पण बाईमाणसाची अर्धी यात्रा त्या काळजीतच जाते.

संपादक साहेब, तुमचा पेपर गावागावात जातो. माझी एवढीच मागणी आहे की त्या तीन तारखांच्या चौकटीत वरती ३१ ऑक्टोबर २०२६ आणि खाली २४ जुलै २०२८ या दोन तारखा छापायला सुरुवात करा, मोठ्या अक्षरात, रोज. आणि ध्वजारोहणाच्या दिवशी जी पुरवणी काढाल तिच्यात सिंहेच्या महिन्यांचं पूर्ण पान द्या, भिंतीवर लावता येईल असं. आमच्या गल्लीतल्या बायका ते पान आपापल्या पाहुण्यांना पाठवायला तयार आहेत, मी विचारलंय.

आपली,
पंचवटीतील एक वाचक, नाशिक